ढोरगुंज आणि अश्वगंधा : एका रानवनस्पतीच्या पीकरूपाचा इतिहास

१

मराठवाड्यातील जुन्या गावांच्या पांढरीत, पडक्या भिंतींच्या कडेला, उकिरड्याच्या आसपास आणि गाडीवाटेच्या बांधावर राखट हिरव्या रंगाचे, कमरेइतके किंवा त्याहून थोडे उंच वाढणारे एक झुडूप नित्य आढळते. त्याच्या पानांवर व कोवळ्या फांद्यांवर बारीक लव असते. फुले लहान व हिरवट पिवळी असतात. फळ वाटाण्याएवढे, पिकल्यावर तांबडे होणारे आणि कागदासारख्या पातळ आवरणात झाकलेले असते. जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत, उत्तरेकडील भोकरदन-जाफराबादच्या डोंगरउतारांपासून दक्षिणेकडे गोदाकाठच्या अंबड-घनसावंगीपर्यंत, अशा पडीक जागांची वाण नाही. ह्या झुडपास मराठीत ढोरगुंज म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत त्यास 'विथानिया सोम्निफेरा' हे नाव आहे. आणि आयुर्वेदाच्या औषधकोशात ह्याच शास्त्रीय नावासमोर 'अश्वगंधा' असा शब्द छापलेला आढळतो.

अश्वगंधेस बाजारात किंमत आहे, ढोरगुंजेस नाही. सुमारे गेल्या पाव शतकात औषधी वनस्पतींच्या लागवडीचा जो प्रसार झाला, त्यात 'आपल्या बांधावरची ढोरगुंज म्हणजेच अश्वगंधा' हे समीकरण सुशिक्षित व अशिक्षित अशा दोन्ही वर्गांत सहज रूढ झाले. हे समीकरण कितपत खरे आहे, आणि ते रूढ झाल्याने कशाचे विस्मरण होते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. ह्या तपासणीत वनस्पतिशास्त्र व कृषिशास्त्र ह्यांची साक्ष घ्यावी लागेलच; परंतु पहिली साक्ष शब्दांची आहे. वनस्पतीला नाव देणाऱ्या माणसाचा तिच्याशी कोणत्या प्रकारचा व्यवहार होता, हे नावावरून पुष्कळदा कळते.

२

प्रथम संस्कृत नाव घेऊ. अश्वगंधा म्हणजे घोड्यासारखा वास असलेली. हा वास ओल्या मुळाचा आहे, पानाफुलांचा नव्हे. निघंटूंतून ह्या नावाचे पर्याय येतात ते वाजिगंधा, हयगंधा, तुरगगंधा असे. 'अश्व' ह्या पदाच्या जागी घोड्याचे दुसरे नाव ठेवावयाचे आणि 'गंधा' हे पद कायम राखावयाचे, ही ह्या पर्यायांची रीत आहे. म्हणजे पर्याय कितीही वाढले तरी दृष्टी एकच राहते, ती जमिनीखालच्या मुळावर. चरकसंहितेत अश्वगंधेची गणना बल्य व बृंहणीय ह्या दोन्ही गणांत केलेली आहे. औषधी म्हणून जे वापरले जाते त्यावरूनच नाव पडले, असे ह्यावरून दिसते.

लॅटिन नावाची दृष्टी वेगळी आहे. लिनीअसने १७५३ मध्ये ह्या वनस्पतीस 'फायसॅलिस सोम्निफेरा' म्हटले. पुढे १८५२ मध्ये द्यूनाल ह्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला 'विथानिया' ह्या प्रजातीत घातले. 'सोम्निफेरा' म्हणजे निद्रा आणणारी. येथे वास नाही आणि मूळही नाही. गुणावरून नाव पडले आहे.

ढोरगुंज हे नाव ह्या दोहोंहून निराळे. गुंज म्हणजे तांबडी, वाटोळी, चकचकीत बी. फळाच्या रंगरूपावरून हे पद आले. 'ढोर' हे पूर्वपद मात्र मूल्यनिर्णय सांगते. मराठीत वनस्पतींच्या नावांना 'रान' हे पूर्वपद लागते, तेव्हा ते केवळ स्थळ दाखविते : रानतुळस, रानभेंडी, रानहळद. 'ढोर' हे पूर्वपद त्यापुढे जाऊन 'माणसाच्या उपयोगाची नव्हे' असे सुचविते. खरी गुंज सोनाराच्या तराजूत बसली. ही गुंज ढोरांच्या वाट्याला गेली. ह्या नावात मुळाचा उल्लेखही नाही. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांची नजर जमिनीवरच्या फळाकडे होती. हे झुडूप खणून त्याचे मूळ विकणे किंवा वाळविणे हा त्यांचा नित्याचा व्यवसाय नसावा, असे अनुमान ह्यावरून काढता येते.

३

संस्कृत 'अश्वगंधा' हा शब्द मराठीत एकदाच आलेला नाही. तो तीन वेळा, तीन मार्गांनी आला आहे, आणि त्याच्या तीन रूपांवरून ह्या वनस्पतीच्या इतिहासातील तीन अवस्था ओळखता येतात.

पहिले रूप आसंध. संस्कृत 'अश्व' ह्याचे प्राकृतात 'अस्स' होते. द्वित्ताचा लोप होऊन मागील स्वर दीर्घ झाला म्हणजे मराठीत 'आस' होतो. हस्त, हत्थ, हात आणि सप्त, सत्त, सात ही परंपरा सर्वपरिचित आहे. समासातील 'गंध' ह्या पदाचा ग् दोन स्वरांमध्ये सापडून प्राकृतात लोपतो. सुगंधाचे सुअंध होते, ते ह्याच नियमाने. अस्सगंध, अस्सअंध, आसंध असा हा क्रम सरळ लागतो. आसंध हा खरा तद्भव होय. औषधी ओळखणाऱ्या लोकांच्या तोंडी हा शब्द अखंड राहिला, म्हणूनच त्यावर ध्वनिपरिवर्तनाचे सर्व संस्कार घडले.

दुसरे रूप आस्कंद. ते वरील नियमांनी सिद्ध होत नाही. ग् लोपलेला नसून त्याचा क् झालेला आहे, आणि स् व क् ह्यांचा संयोग टिकून आहे. हिंदीत ह्या वनस्पतीस असगंध म्हणतात. त्यातील 'स' मधला अकार बोलण्यात गळाला की ग् हा स् च्या शेजारी येतो आणि त्या अघोषाच्या संगतीने क् होतो. अंत्य ध् ची महाप्राणता जाऊन द् उरतो. 'आस्कंद' ह्या स्वतंत्र संस्कृत शब्दाचा आधार मिळाल्याने हे रूप स्थिर झाले असावे. अमरकोशात घोड्याच्या गतींपैकी एकीचे नाव आस्कंदित आहे, हा योगायोगही येथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. हा तर्क मान्य केल्यास आस्कंद हा शब्द वंशपरंपरेने आलेला न ठरता उत्तरेकडून मालाबरोबर आलेला ठरतो. वैद्याच्या झोळीतला शब्द आसंध. काष्ठौषधी विकणाऱ्याच्या दुकानातला शब्द आस्कंद.

तिसरे रूप तत्सम 'अश्वगंधा'. ते पूर्वी पोथ्यांत होते; छापील ग्रंथ, औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी आणि शासकीय पत्रक ह्यांच्या द्वारे ते लोकभाषेत उतरले. जुन्या निघंटुकारांना देशी नावांचे महत्त्व कळत होते. राजनिघंटूचा कर्ता नरहरी ह्याने आपल्या ग्रंथात कर्णाट व महाराष्ट्र ह्या देशांच्या भाषांचा आधार घेतल्याचे स्वतःच नमूद केले आहे. आजच्या पत्रकांत मात्र तत्सम शब्द पुढे आला की देशी नावे कंसात जातात, आणि पुढच्या आवृत्तीत कंसही जातो.

निजामी राजवटीत जालन्याच्या बाजारपेठेची व्यवहारभाषा दख्खनी-उर्दू वळणाची होती. युनानी वैद्यकात ह्या औषधीचे नाव 'असगंद नागोरी' असे आहे. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात युनानी वैद्यकास राजाश्रय होता, त्यामुळे मराठवाड्यातील अत्ताराच्या दुकानी ह्या नावाला विशेष स्थान होते. त्यातील 'नागोरी' हे विशेषण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे.

४

नागोर हा राजस्थानातील प्रदेश. नागोरी बैलांमुळे मराठी शेतकऱ्यास तो नावाने परिचित आहे. औषधीच्या नावापुढे प्रदेशाचे नाव लागते, ते त्या प्रदेशातील मालाची प्रत वेगळी म्हणून ओळखली जाते तेव्हाच. नागोरी असगंध म्हणजे जाड, गुळगुळीत, पिठूळ आणि मोडल्यावर आत पांढरी शुभ्र दिसणारी मुळी. पुढे ह्या पिकाचे मुख्य क्षेत्र माळव्याच्या पश्चिम भागात, मंदसोर व नीमच ह्या परिसरात स्थिर झाले. हा प्रदेश अफूच्या परवानाबद्ध लागवडीचाही आहे. औषधी मालाची प्रत, वाळवण आणि वर्गवारी ह्यांचा संस्कार तेथील शेतकऱ्यांच्या व व्यापाऱ्यांच्या अंगी मुरलेला होता. नीमचच्या बाजारात मुळांची लांबी, जाडी व पांढरेपणा ह्यांवरून प्रती ठरतात, आणि उत्तम प्रत व कनिष्ठ प्रत ह्यांच्या भावांत मोठे अंतर असते.

हे पीक आणि रानातील झुडूप एकच काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यास स्पष्टपणे विचारला गेला. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पति-उद्यानाचे संस्थापक कैलासनाथ कौल ह्यांनी १९५७ मध्ये असे प्रतिपादन केले की, भारतीय ग्रंथांत 'विथानिया सोम्निफेरा' म्हणून वर्णिलेली आणि शेतात लावली जाणारी अश्वगंधा ही वस्तुतः निराळी जाती आहे. तिला त्यांनी 'विथानिया अश्वगंधा' असे नाव सुचविले. अटल व श्वार्टिंग ह्या संशोधकांनी १९६१ मध्ये ह्या प्राचीन औषधीवर प्रसिद्ध केलेल्या निबंधात लागवडीतील व रानटी रोपांमधील भेदांची चर्चा केली. रानटी झुडूप बहुवर्षायू, उंच, काष्ठमय, आणि त्याचे मूळ चिवट व तंतुमय असते. शेतातील रोप ठेंगणे आणि त्याचे मूळ मांसल व पिष्टमय असते. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात काही भारतीय संशोधकांनी रासायनिक व जनुकीय पुराव्यांच्या आधारे कौल ह्यांचे मत पुन्हा मांडले आहे. ते सर्वमान्य झालेले नाही. औषधकोशांत जुनेच शास्त्रीय नाव चालू आहे.

रसायनशास्त्राने ह्या भेदास आणखी एक परिमाण दिले. इस्रायलमधील लावी व त्यांचे सहकारी ह्यांनी १९६५ मध्ये ह्या वनस्पतीतील 'विथाफेरिन ए' ह्या द्रव्याची रचना निश्चित केली. त्यानंतर तेथील रानटी रोपांतच द्रव्यांच्या दृष्टीने भिन्न असे प्रकार आहेत, असे निदर्शनास आले. एका नावाखाली, एका देशात, एकाच रानात निरनिराळ्या घडणीची झाडे असू शकतात. मग हजारो कोसांवरील शेतात शतकानुशतके निवडून वाढविलेले रोप वेगळे असल्यास नवल नाही.

जाती एक की दोन, हा निर्णय वनस्पतिशास्त्रज्ञांनी करावयाचा. इतिहासाच्या दृष्टीने ह्या वादातून निष्पन्न होणारी गोष्ट मात्र दोन्ही पक्षांना मान्य होण्यासारखी आहे. जाती दोन असोत वा एकाच जातीचे दोन वाण असोत, पिठूळ पांढरी मुळी बांधावर आपोआप उगवलेली नाही. ती कोणीतरी निवडली, तिचे बी राखले, ते पुन्हा पेरले. ते करणाऱ्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. 'नागोरी' ह्या एका विशेषणात त्यांच्या कामाची काय ती नोंद उरली आहे. ढोरगुंज आणि अश्वगंधा ह्यांचे समीकरण मांडले की तीही पुसली जाते.

५

आता जालना जिल्ह्याकडे वळावयाचे. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्याचे तालुके आणि परभणीचा परतूर भाग मिळून अस्तित्वात आला. शेतीच्या इतिहासात जालना शहराचे नाव बियाण्यासाठी प्रसिद्ध आहे. बद्रीनारायण बारवाले ह्यांनी येथे भेंडीच्या 'पुसा सावनी' ह्या वाणाच्या बीजोत्पादनापासून आरंभ केला, आणि १९६४ मध्ये 'महिको' ही कंपनी स्थापन केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बदनापूर येथील कृषिसंशोधन केंद्राचे तुरीचे 'बीडीएन' ह्या आद्याक्षरांनी सुरू होणारे वाण मराठवाड्यात सर्वत्र पेरले जातात. बियाणे ही निवडीने व परिश्रमाने सिद्ध होणारी वस्तू आहे, हे ह्या जिल्ह्यास वेगळे सांगावयास नको.

असे असता औषधी वनस्पतींच्या बाबतीत हीच जाणीव येथे क्षीण का राहिली? त्याचे एक कारण पिकाच्या प्रकृतीत आहे. बियाण्याच्या खाजगी व्यापाराचा मोठा आधार संकरित वाण हा आहे; संकरिताचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. अश्वगंधेत स्वपरागण प्रामुख्याने होते. शेतकरी आपल्याच पिकाचे बी पुढील साली पेरू शकतो. त्यामुळे वाणसुधारणेचे काम मुख्यतः सरकारी संस्थांकडे राहिले. मंदसोरच्या संशोधन केंद्राचे 'जवाहर असगंध-२०' व 'जवाहर असगंध-१३४', आणि लखनौच्या केंद्रीय औषधी व सगंध वनस्पती संस्थेचे 'पोषिता' व 'रक्षिता' हे वाण त्यातून निघाले. नावांतील अंतर अभ्यासकांच्या लक्षात येईल. मंदसोरने बाजारातला 'असगंध' हा शब्द राखला. लखनौने संस्कृत स्त्रीलिंगी विशेषणे योजिली. पहिले नाव व्यापाऱ्याशी बोलते, तर दुसऱ्याचा रोख ग्राहकाकडे आहे.

दुसरे कारण भूमीचे आहे. मराठी कृषिजीवनात 'काळी' आणि 'पांढरी' हे द्वंद्व मूलभूत आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. ढोरगुंज पांढरीतली. तिला पीक करावयाचे म्हणजे काळीत आणावयाचे. परंतु पाणी धरून ठेवणारी भारी काळी जमीन ह्या पिकास मानवत नाही. मुळे कुजतात, अथवा फाटे फुटून वेडीवाकडी होतात. निचऱ्याची, हलकी ते मध्यम जमीन त्यास लागते. जिल्ह्यात पर्जन्यमान सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास असून त्याचा भरवसा नसतो. १९७२ चा दुष्काळ ह्या भागाच्या स्मरणात खोल रुतलेला आहे, आणि २०१२-१३ च्या अवर्षणात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. अशा वेळी कमी पाण्यावर, हलक्या जमिनीत, जनावरे तोंड लावीत नाहीत असे पीक येत असेल, तर त्याकडे शेतकऱ्याचे लक्ष जाणे स्वाभाविकच होय.

पिकाची रीत कठीण नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पेरणी करावयाची. हेक्टरी १० ते १२ किलो बी फोकून पेरले जाते, पुढे विरळणी होते. पाच ते सहा महिन्यांनी पाने सुकू लागली व फळे पिकली की झाड मुळासकट उपटावयाचे, मुळे कापून, धुऊन, वाळवून त्यांची वर्गवारी करावयाची. वाळलेली मुळे हेक्टरी ३ ते ५ क्विंटल मिळतात. उत्पन्नाचा आकडा लहान असल्यामुळे सर्व भिस्त प्रतीवर राहते; आणि प्रत बियाण्यावर अवलंबून असते. बांधावरच्या ढोरगुंजेचे बी शेतात टाकणाऱ्यास काष्ठमय मुळी मिळेल, आणि नीमचच्या पद्धतीने वर्गवारी करणारा व्यापारी ती कनिष्ठ प्रतीत काढील. शब्दांचे समीकरण येथे शेतकऱ्याच्या हिशेबात तोटा म्हणून उतरते.

६

नावांच्या अशा सरमिसळीचे दुसरे उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. कोकणात पहिल्या पावसानंतर फोडशी नावाची रानभाजी बाजारात येते. तिची पाने खाल्ली जातात. सांतापाव व फर्नांडिस ह्यांनी १९५५ मध्ये ह्या वनस्पतीचे वर्णन करून मुंबईजवळच्या बोरिवलीवरून तिला 'क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम' हे नाव दिले. तिचीच मुळे बाजारात 'सफेद मुसळी' ह्या नावाने विकली जातात. फोडशी हे पानाचे नाव, सफेद मुसळी हे मुळीचे. एका झाडाची ही दोन नावे दोन वेगळ्या समाजांच्या गरजांतून आली. २००० च्या सुमारास राज्यात मुसळीच्या लागवडीची जी लाट आली, तीत वाळलेल्या मुळीपेक्षा लागवडीच्या कंदांचाच व्यवहार पुष्कळ ठिकाणी अधिक झाला. नव्या लागवडदारांची संख्या वाढत होती तोवर भाव चढे राहिले. नंतर ते कोसळले.

२४ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन झाले. त्याच्या प्रारंभीच्या ३२ अग्रक्रमाच्या वनस्पतींच्या यादीत अश्वगंधा व सफेद मुसळी ह्या दोहोंचा समावेश होता. २०२० च्या साथीनंतर अश्वगंधेची मागणी वाढली. आणि मागणीबरोबर नावाच्या अर्थाचा प्रश्नही नव्याने उपस्थित झाला. मुळाऐवजी पाने व देठ वापरले जात असल्याचे पाहून आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये, औषधात पाने वापरू नयेत, अशी सूचना उत्पादकांना दिली. शास्त्रीय परंपरेत अश्वगंधा हे झाडाचे नाव असले तरी औषधी म्हणून त्याचा अर्थ मूळ असाच होता. अर्थाची ही मर्यादा कागदोपत्री पुन्हा आखावी लागली. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये ह्या वनस्पतीच्या पूरक आहारांतील वापरावर बंदी घातली. दूरच्या बाजारावर विसंबून पीक घेणाऱ्याने ही घटनाही ध्यानात ठेवावयास हवी.

कायद्यानेही रान व शेत ह्यांतील रेषेस महत्त्व दिले आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये जी दुरुस्ती झाली, तीनुसार लागवडीतील औषधी वनस्पतींना लाभवाटपादी बंधनांतून सवलत मिळाली. रानातून गोळा केलेल्यांना ती नाही. उद्या एखाद्या पोत्यातील मुळे रानातली की शेतातली, हे ठरवावे लागेल तेव्हा 'अश्वगंधा' हा एकच शब्द पुरणार नाही.

७

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा सांगता येईल. आसंध, आस्कंद व अश्वगंधा ही एका शब्दाची तीन रूपे अनुक्रमे वैद्याची परंपरा, व्यापाऱ्याचा मार्ग आणि आधुनिक पत्रक ह्यांची द्योतक आहेत. तिन्हींचा रोख मुळाकडे आहे. ढोरगुंज ह्या मालिकेत बसत नाही. ते ह्या भूमीत आपोआप वाढणाऱ्या, न खणलेल्या, न निवडलेल्या झुडपाचे नाव आहे. पिकाची कथा ढोरगुंजेपासून सुरू करून अश्वगंधेवर संपविली, तर मध्ये घडलेले निवडीचे दीर्घ कार्य अदृश्य होते, आणि पीक म्हणजे रानातून उचलून शेतात ठेवलेली वस्तू असा भ्रम उत्पन्न होतो.

ह्यास्तव पिकासाठी 'अश्वगंधा' व रानटी झुडपासाठी 'ढोरगुंज' असा भेद मराठी कृषिलेखनात काटेकोरपणे पाळला जाणे इष्ट होय. त्यासाठी नवा पारिभाषिक शब्द घडविण्याची गरज नाही. लोकांनी दोन नावे आधीच दिलेली आहेत. तालुक्यातालुक्यांतून वनस्पतींच्या देशी नावांचा संग्रह करताना केवळ नाव न टिपता, ते पानाचे, फळाचे की मुळाचे, आणि ते कोणाच्या तोंडचे, गुराख्याच्या, वैद्याच्या की अत्ताराच्या, हेही नोंदवावे. ज्या जिल्ह्याने बियाण्याची किंमत देशास दाखविली, त्या जिल्ह्यात हे काम प्रथम व्हावे, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.